किती बाजार झाले?

डॉक्टरांनी मला फसवलं. शहाद्याच्या आठवडी बाजारात एकाही गिऱ्हाइकाला जे जमलं नाही, ते त्यांना एका वाक्यात जमलं. म्हसावदला त्यांचा दवाखाना आहे. बारावीनंतर पहिल्या खेपेला नीटमध्ये माझे मार्क कमी पडले, तेव्हा मी तिथे काम मागायला गेले. ते म्हणाले, "पगार फार देता येणार नाही. पण अनुभवाचं पत्र देईन. मेडिकलच्या प्रवेशाला ते लागतं." मेडिकलच्या प्रवेशाला असलं कुठलंही पत्र लागत नाही. मी ते कमी पडणाऱ्या पगाराच्या जागी धरलं.

आमच्या घरी कापूस पिंजून गाद्या भरतात. अब्बा भरतात, अम्मी टाके घालते, आणि सातवीपासून विकायचं काम माझ्याकडे आहे, कारण अब्बांना भाव धरून ठेवता येत नाही. समोरच्यानं तोंड बारीक केलं की ते विरघळतात. मी विरघळत नाही, मी भांडते. त्या दिवशी मी घरी येऊन सौदा सांगितला: डॉक्टर आठ ते आठ म्हणत होते, मी आठ ते तीनवर आणलं, वर पत्र. अब्बा गादीत कापूस भरता भरता म्हणाले, "बेटा, ये चिठ्ठी चलती कहाँ है, ये पूछा?"

"सर झूठ थोडी बोलेंगे," मी म्हणाले.

गिऱ्हाइकाची नोट मी उजेडात धरून बघते. पांढऱ्या कोटातल्या माणसाचा शब्द तसाच खिशात टाकला.

माझं काम साधं होतं. केसपेपर करायचा, वजन घ्यायचं, काय होतंय आणि कधीपासून ते लिहायचं, नंबर पुकारायचा. पहिल्या आठवड्यातच माझ्या ध्यानात आलं की हा बाजारच आहे. लोक डॉक्टरसमोर बसतात आणि आजाराचा भाव पाडून सांगतात. आठ दिवसांचा ताप असेल तर "कालपासून". जास्त सांगितलं तर सलाईन लावतील, सुया टोचतील, मोठ्या दवाखान्यात पाठवतील, म्हणून आधीच कमी बोलायचं. डॉक्टर शुद्ध मराठीत विचारत, लोक तसंच शुद्ध मराठीत उत्तर देत, आणि त्या मराठीत काहीच नसे.

एक आबा आले होते, स्वतःची शेती असलेले, पपईच्या बागेतून थेट उठून आलेले.

"आबा, खोकला कधीपासून?"

"परवापासून."

बोलताना त्यांचा हात तिसऱ्यांदा छातीवर गेला. गिऱ्हाइकानं एकाच गादीला तिसऱ्यांदा हात लावला की मी भावाचा एक रुपया सोडत नाही. मी पेन खाली ठेवलं आणि त्यांच्या बोलीत विचारलं, "आबा, मागला बाजारले खोकला व्हता का?"

"व्हता."

"त्याना आगला बाजारले?"

"व्हता ना. त्या बाजारले मी विळा लिधा. दुकानदार बोलना, आबा, आठे खोकू नका, गिऱ्हाईक पळस."

"आणि त्याना बी आगला?"

आबा हसले. "पोरी, तू दवाखानानी शे का पोलिसनी?"

असं मागे मागे मोजत गेल्यावर चार बाजार भरले. मी केसपेपरवर लिहिलं: खोकला, चार बाजार. डॉक्टरांनी आतून हाक मारली. "हे कुठलं माप काढलंस?"

"सर, दिवस कोणी मोजत नाही. बाजार सगळे मोजतात."

त्यांनी आबांना थुंकीच्या तपासणीला पाठवलं. टीबी निघाला. सहा महिने गोळ्या घेऊन आबा बरे झाले आणि माझ्यासाठी दोन पपया घेऊन आले. त्यातली मोठी डॉक्टरांनी उचलली.

त्यानंतर डॉक्टर स्वतःच विचारू लागले, "बाबा, किती बाजार झाले?" मला आवडायचं ते. खोटं कशाला सांगू?

सुनेला घेऊन आलेले सासरे तिच्या वाटचंही बोलायचे. "तिले काय इचारतस, माले इचार." मी आधी अशांशी भांडायचे. मग समजलं की भांडणात वेळ जातो आणि सून आणखी खाली बघते. मग मी म्हणू लागले, "बाबा, तेवढी झेरॉक्स आणता का आधारकार्डाची?" ते गेले की सुनेकडे वळायचं. समोरच्या झेरॉक्सवाल्यानं माझ्या जिवावर नवीन मशीन घेतलं असेल.

पण एकदा मी चुकले. डोंगरातून एक बाई आली होती, जीपनं, त्याआधी बरंच चालून. पोट धरून होती. पावरी बोलायची, मला ती भाषा येत नाही. सोबतचा भाऊ मोडक्या मराठीत म्हणाला, "काल रात्रीपासून." मला वाटलं, झालं सुरू भाव पाडणं. मी ताणत गेले. मागच्या बाजाराला दुखत होतं का? नाही. त्याआधी? नाही. माझा आवाज चढला. "खरं सांगा ना! खोटं सांगितलं तर औषध कसं देणार?" बाईनं माझ्याकडे बघितलं आणि ती बाकावर आडवी झाली.

डॉक्टर बाहेर आले, तिच्या पोटाला हात लावला आणि तिथल्या तिथे नंदुरबारला पाठवायची गाडी बोलावली. गाडी गेल्यावर ते मला रागावतील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "एवढा डोंगर उतरून कोणी घासाघीस करायला येत नाही गं."

ते वाक्य मी आजही विसरलेले नाही. तिचं ऑपरेशन वेळेत झालं, भाऊ पुढे सांगून गेला. तिला ताणण्यात मी घालवलेली दहा मिनिटं मात्र माझ्याकडेच राहिली.

सकाळची बस, आठ ते तीन दवाखाना, परत येऊन अभ्यास. सांगायला हरकत नाही, मी त्या दिवसांत खूश होते. जीवशास्त्राच्या पुस्तकातलं फुप्फुस मला आबांच्या खोकल्यासकट दिसायचं. आणि दिवस जातील तसं पत्र जवळ येत होतं.

मग नीटचा फॉर्म सुटला आणि डॉक्टरांनी पत्र लिहून दिलं. शहाद्याला सायबर कॅफेत मी भरायला बसले. सगळं झालं. मी कॅफेवाल्याला म्हणाले, "दादा, अनुभवाचा रकाना राहिला."

"कसला अनुभव?"

"दवाखान्यातला. पत्र अपलोड करायचंय."

तो खुर्चीत मागे रेलला. "ताई, ही नोकरीची जाहिरात नाहीये. फोटो, सही, मार्क. पत्र घरी फ्रेम करून लावा."

मागच्या रांगेतली दोन पोरं हसली. मी त्यांना काय बोलले ते इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी आठच्या आधीच दवाखान्यात पोचले. बाकांवर माणसं बसलेली होती. मी सगळ्यांसमोर विचारलं, "सर, पत्र कुठेच चालत नाही. तुम्हाला ठाऊक होतं का?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला. "आधी त्या आजींना आत घे."

दाराशी एक आजी बसली होती, तोंड उघडं, धाप लागलेली. माझ्या अंगाचा जाळ होत होता. तरी मी तिच्या काखेत हात घातला आणि तिला आत नेलं. आजी सावरेपर्यंत अर्धा तास गेला आणि माझा प्रश्न बाकाखाली कुठेतरी पडून राहिला.

तीन वाजता मी म्हणाले, "परीक्षेपर्यंत मला सुट्टी हवी. भरपगारी."

"ठीक आहे," ते म्हणाले. लगेच.

इथे मी त्यांना पकडलं. इतकी वर्षं मी बाजारात बसलेय. भरपगारी म्हटल्यावर माणूस निदान अर्ध्यावर येतो, "परवडत नाही" तरी म्हणतो. पहिल्या शब्दाला हो म्हणणाऱ्याला आपल्या मालातली खोट ठाऊक असते.

त्या वर्षी मी पास झाले. आता मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वॉर्डात पेशंटचं म्हणणं लिहून घ्यायला कॉलेजचे सर मला पुढे करतात आणि म्हणतात, हिच्याकडून शिका. शिकवलं कोणी, ते मला ठाऊक आहे आणि मी ते नाकारत नाही. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी खरं सांगितलं असतं, तरी मी ते काम घेतलंच असतं. फक्त पगार वाढवून घेतला असता आणि आठऐवजी दहाला आले असते.

सुट्टीत घरी आले की मी म्हसावदला जाते. डॉक्टर खुर्ची देतात, अभ्यासाचं विचारतात, बाकावरच्या लोकांना सांगतात, "आमची पोरगी, डॉक्टर होणार आहे." मी विषय काढला की म्हणतात, "चहा घे." तीन वर्षांत मी त्यांच्याकडे पुष्कळ चहा प्यायले.

सर, तुम्ही स्वतः मेडिकलला मार्कांवरच लागलात. तुमच्या वेळी नीट नव्हती, बारावीचे मार्क बघायचे, पण पत्र तेव्हाही कोणी मागत नव्हतं. म्हणून "मला काय माहीत" हे मी ऐकून घेणार नाही. येत्या ईदला मी येते आहे, दुपारी, बाक रिकामे झाल्यावर. तुम्हाला ठाऊक होतं की नव्हतं? हो म्हणा किंवा नाही म्हणा, पण तोंडानं म्हणा. त्याआधी मी कपाला हात लावणार नाही.