इवायांचं ठिपक्यांचं विमान

आमच्या इवायांइतका उलट्या खोपडीचा माणूस जालना जिल्ह्यात दुसरा न्हाई, आणि ही गोष्ट मी त्यांच्या तोंडावर, त्यांच्याच घरचा चहा पिता पिता बोललेलो आहे. इवाई म्हणजे माझ्या रेखाचे सासरे. नवीन जालन्यात राहतात, बँकेतून रिटायर झालेले, आणि उद्योग काय, तर प्लास्टिकचे तुकडे चिकटवून वीतभर विमानं बनवायची अन् त्यांच्यावर डाग पाडायचे. होय, डागच. मी शहागडला हायवेच्या कडेला चाळीस वर्षं ट्रकांना रंग फवारायची गन मारली. शाळा तिसरीपर्यंत झाली, पण मी रंगवलेल्या दरवाजात बघून ड्रायव्हर लोक भांग पाडायचे. रंगात एक ठिपका उठला तर अख्खा दरवाजा घासून पुन्हा मारायचो. आणि हा शिकलेला माणूस बॉलपेनाएवढी गन बोटात धरून सकाळभर ठिपके उठवतो, अन् एखादी जागा साफ राहिली की हळहळतो.

खरं तर रेखाला पाहायला आले तेव्हाच मला शंका यायला पाहिजे होती. सगळे पाहुणे पोहे खात बसलेले, अन् हे बशी घेऊन अंगणात गेले ते सरळ आमच्या शेळीपुढं उकिडवे बसले. मला वाटलं, पोरगी पसंत पडली न्हाई. मी घाबरत मागं गेलो. म्हणलं, "काही चुकलं का आमचं?" तर म्हणतात, "अहो, हिच्या पोटावर बघा. पांढरा कुठं संपतो अन् तांबडा कुठं सुरू होतो, दाखवा बरं बोट लावून! ठिपक्याला काठच न्हाई!" लग्न जमलं, पण ते पोरीमुळं का शेळीमुळं, हे मला आजपर्यंत कळालं न्हाई.

त्यांच्या घरात काळं पडलेलं केळं फेकता येत न्हाई. आधी ते त्याचं साल उजेडात फिरवून बघणार. विमानावर हात टाकायच्या आधी ठिपक्यांचा सराव करतात तो लग्नपत्रिकांवर. जाड कागद असतो, रंग शोषत न्हाई, म्हणतात. त्यामुळं एका पत्रिकेवरची तारीखच ठिपक्याखाली गेली अन् हे दोघं नवराबायको आहेर घेऊन लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कार्यालयात हजर. तिथं दुसऱ्याच कुणाचं लग्न चालू होतं. जेवून आले. विहीणबाई मला म्हणाल्या, "भाऊ, मी एका जागी बसत न्हाई म्हणून वाचले. बसले असते तर माझ्यावरही दोन मारले असते यांनी."

मी एकदा त्यांना सरळ विचारलं, की या डागांचा फायदा काय? तर त्यांनी मला खुर्चीवर बसवून शाळामास्तरासारखं समजावलं. जुन्या लढाईतली जर्मन विमानं, खाली मैदानात उभी असली तर वरून दुश्मनाला दिसू नयेत, झाडाच्या सावलीत मिसळून जावीत, म्हणून असा रंग. ठिपका लहान-मोठा पाहिजे, एकासारखा दुसरा नको, काठ धुरासारखा विरलेला पाहिजे. रंग दुधासारखा पातळ, हवा कमी, अन् गन अगदी जवळ. हवा जराशी जास्त झाली तर ठिपक्याला कोळ्यासारखे पाय फुटतात. हे सगळं मला पटलं. एक गोष्ट पटली न्हाई. एवढं झाल्यावर वरून चमक मारायची न्हाई म्हणे!

"चमक न्हाई तर काम पुरं कसं?" मी म्हणलं.

"इवाई, चमकलं तर दुश्मनाला दिसंल," ते म्हणाले. तेही मला इवाईच म्हणतात.

"नवीन जालन्यात कुठला दुश्मन येऊन राह्यला?"

ते हसले, पण मी हसलो न्हाई. बिनचमकीचं काम मी उभ्या जन्मात गिऱ्हाइकाच्या हवाली केलेलं न्हाई.

मंग त्यांचा उजवा हात कापायला लागला. आधी कपबशी वाजायची, मंग शर्टाचं बटण लागेना. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, थोडं वाढत जाईल. इवायांनी एक विमान काढलं अन् म्हणाले, हे शेवटचं. कोपर गव्हाच्या पिशवीत रुतवायचे, श्वास सोडून थांबायचे, अन् हात जरासा शांत झाला की पाच-सहा ठिपके. त्या दिवसाचं काम संपलं. असं चार महिने चाललं. मी बघून राह्यलो होतो. झालं तेव्हा खरंच वाटलं, की हे विमान कडुलिंबाखाली ठेवलं तर सापडायचं न्हाई.

अन् इथं माझी अक्कल आडवी आली. ते दोघं एका बारशाला भोकरदनला गेल्ते, मी त्यांच्याच घरी, रेखाकडं मुक्कामाला. टेबलावर ते विमान, वाळलेल्या चिखलासारखं मलूल. माझ्या मनात आलं, माणसाचं शेवटचं काम असं बिनतेजाचं राहावं? पिशवीत माझी जुनी गन होती, ट्रकावर चमकेसाठी मारतात ते क्लिअर लॅकर होतं, ते पातळ करायचं थिनर होतं. खोटं कशाला बोलू, मी ते ठरवूनच आणलं होतं. गनला हवा द्यायला त्यांचाच कंप्रेसर लावला अन् एक हात असा मारला, की काचेसारखी चमक आली. मी मिशीवर ताव दिला. तेवढ्यात पंख सुरकुतला. ट्रकाचं थिनर लोखंडाला सोसतं, त्या नाजूक रंगाला, प्लास्टिकला सोसत न्हाई. चार महिन्यांचे ठिपके माझ्या डोळ्यांदेखत वितळले अन् एकमेकांत वाहून गेले.

इवाई आले. विमान उचललं, खिडकीपाशी नेलं, बराच वेळ पाहिलं. मी भिंतीला टेकून उभा. शिव्या दिल्या असत्या तर मीही दोन दिल्या असत्या, हिशोब मिटला असता. ते एवढंच म्हणाले, "चमक मात्र बराबर आली." अन् आत जाऊन पडले. विहीणबाई हळूच म्हणाल्या, "भाऊ, आता दुसरं होणं न्हाई त्यांच्यानं."

मी आजवर कुणाची माफी मागितलेली न्हाई. बापाचीही न्हाई. त्या दिवशीही मागितली न्हाई. पण पुढच्या गुरुवारी शहागडहून एसटीनं गेलो, तसंच विमान दुकानातून मागवायला सांगितलं, आल्यावर ते आम्ही दोघांनी मिळून जोडलं, अन् म्हणलं, "इवाई, गन मी धरतो. तुम्ही सांगा."

माझा हात अजून पक्का आहे. पण पक्का हात म्हणजे काय आफत असते, ते तेव्हा कळालं. माझे ठिपके सारखे, एका मापाचे, एका ओळीत. इवाई बघत राहिले अन् म्हणाले, "बुट्ट्याची साडी झाली हो!" पुसलं, पुन्हा मारलं, पुन्हा साडी. वाकडं मारायचं म्हणून वाकडं मारलं तर तेही एकसारखं वाकडं. चाळीस वर्षांचं वळण, जाता जाईना. शेवटी मी चिडून म्हणलं, "मंग धरा माझा हात!"

त्यांनी धरला. माझ्या मनगटावर त्यांचा तो कापरा हात. बोट माझं, रंग माझ्या मापात. पण गन थरथरत जिकडं गेली तिकडं ठिपका पडला. एक मोठा, एक बारका, एक दुसऱ्याला जरा चिकटलेला, काठ धुरासारखा. विहीणबाई चहा घेऊन दारात आल्या अन् तशाच उभ्या राहिल्या.

आता दर गुरुवारी जातो. सात-आठ ठिपके मारतो, फार न्हाई. एक पंख झाला, दुसरा निम्मा झाला, शेपूट अजून कोरी आहे. त्यांच्या हाताचं कापणं मागच्या महिन्यापेक्षा जास्त आहे, ते माझ्या मनगटाला समजतं. मी गन धुऊन ठेवतो अन् म्हणतो, "रंग ओला आहे इवाई, आठ दिवस तरी वाळू द्या." ते मान हलवतात, म्हणतात, "बिलकुल. घाई करून चालायचं न्हाई."

तो रंग दहा मिनिटांत वाळतो. मला माहीत आहे, अन् त्यांना माझ्याआधीपासून माहीत आहे.