केजच्या चर्चासत्रात हरवलेलं टिंब

हा ब्लॉग सुलभाचा. लिहायची ती, फोटो चढवायचं काम माझं. ती गेल्या उन्हाळ्यात गेली. त्यामुळे या वेळचं लिहिणंही माझ्याकडे आलं आहे. मी पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होतो, आयुष्यभर अहवाल लिहिले. जमेल तसं सांभाळून घ्या.

दिवाळीनंतर तिच्या पत्त्यावर एक ईमेल आला. केजजवळच्या एका महाविद्यालयात बहुविद्याशाखीय राष्ट्रीय चर्चासत्र होतं आणि तिचा शोधनिबंध स्वीकारला गेला होता. 'लेखकाने स्वतः उपस्थित राहून वाचन करावे' असं ठळक अक्षरांत लिहिलं होतं. निबंधाचा विषय जातं. दळायचं जातं, आणि दळताना बायका म्हणतात त्या ओव्या. आम्ही बीडला असताना ती नेकनूरच्या शाळेत मराठी शिकवायची, तेव्हापासून ओव्या गोळा करत होती. निवृत्त झाल्यावर तिने निबंध लिहायला घेतला. पूर्ण केला, पाठवला, आणि उत्तर येईपर्यंत ती नव्हती.

मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, कळवून टाका त्यांना."

मी कळवायला बसलो. मजकूर टाइप केला, पुसला आणि एसटीचं वेळापत्रक बघितलं.

छत्रपती संभाजीनगर ते बीड

जाणार असाल तर सकाळची पहिली गाडी धरा. खिडकीजवळ बसा, पण मागच्या चाकावर नको. कंडक्टर आला तेव्हा मी नेहमीप्रमाणे म्हणालो, "दोन अर्धी, बीड." मला ज्येष्ठांची सवलत आणि तिला महिलांची, असं आमचं ठरलेलं वाक्य होतं.

कंडक्टरने शेजारच्या सीटवरच्या पिशवीकडे बघितलं. "दुसरं कोण हाय?"

"एकच द्या."

"पिशवीला फुकट हाय काका," तो म्हणाला आणि पुढे गेला. चांगला माणूस होता.

शहागडला गोदावरी ओलांडली की गेवराई येतं. तिथे गाडी थांबते तेवढ्यात भजी खाऊन घ्या. गरम असतात, सोबतची तळलेली मिरची मात्र बघून चावा. माझ्या मागे दोघे चर्चा करत होते.

"नदीला पाणी लई हाय औंदा."

"पाणी हाय, वाळू कुठाय बे?"

बीड ते केज

बीडला गाडी बदलली. मांजरसुंब्याला चौकात गाडी थांबली तर रबडी चुकवू नका. नेकनूरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी सीताफळांचे ढीग होते. डोळे मोठे उमललेलं फळ घ्या, लवकर पिकतं. हे मला माहीत नव्हतं. मी घट्ट, गुळगुळीत, दिसायला छान अशी सहा घेतली आणि ती अजून घरी घट्ट आहेत.

केजमध्ये बसस्थानकापासून चालत जाता येईल असं एक लॉज मिळालं. चादर स्वच्छ, पंख्याचा वेग एकच. जेवायला समोरच्या खानावळीत येसराची आमटी, बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. मालकाने विचारलं, "पावनं, कशाला आलात?"

"चर्चासत्राला."

"कोणाच्या इरोधात?"

चर्चासत्र

सकाळी शेअर जीपने महाविद्यालयात पोचलो. दारात रांगोळी, फेटे आणि एक मोठा फलक होता, त्यावर विद्वानांपेक्षा संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे फोटो जास्त होते. नाश्त्याला पोहे. पोह्यांच्या रांगेत मला आपल्याकडच्या संशोधनाची जी ओळख झाली ती आजवर झाली नव्हती.

माझ्या पुढच्या तरुणाने गतिरोधकांच्या उंचीचा पाठीच्या मणक्यांवर होणारा परिणाम अभ्यासला होता. मी आदल्या दिवशीच्या प्रवासाची माहिती दिली तर त्याने ती लगेच टिपून घेतली. त्याच्या पुढचे सर राज्यशास्त्राचे, विषय 'निवडणूक फलकावरील फोटोंचा क्रम व पक्षांतर'. त्यांच्या मते कोपऱ्यातला छोटा फोटो वर्षभरात दुसऱ्या पक्षाच्या फलकावर मधोमध सापडतो. अभियांत्रिकीच्या एक मॅडम ऊसतोडीच्या कोयत्याची मूठ हाताला कमी लागावी म्हणून तिचा आकार बदलून बघत होत्या. आणि एकजण मराठी कादंबरीतल्या चहावर आठ वर्षं काम करत होते. ते कॉफी पीत होते.

"हे राष्ट्रीय कसं?" मी विचारलं.

"निजामाबादहून एकजण आलेत," चहावाले सर म्हणाले. "ते झोपलेत, पण आलेत."

कार्यक्रमपत्रिकेत मी सुलभाचं नाव साहित्याच्या सत्रात शोधलं. नव्हतं. अभियांत्रिकीत नव्हतं. राज्यशास्त्रात सापडलं: 'बीड जिल्ह्यातील जात : एक चिकित्सक अभ्यास'.

टिंब गेलं होतं. 'जातं'चं 'जात' झालं होतं.

मी समन्वयक सरांना गाठलं. त्यांच्या एका हातात माइक, दुसऱ्यात पोह्यांची बशी, आणि खांद्याने कानाशी धरलेला फोन.

"सर, इथे एक टिंब राहिलंय."

"काका, अख्ख्या पत्रिकेत टिंबं राहिलीत. लोक समजून घेतात. मॅडम कुठायत?"

"त्या नाहीत."

"येतायत का? फ्रेश व्हायला गेल्या असतील तर ती खोली मागच्या बाजूला हाय."

"वारल्या," मी म्हणालो.

त्यांनी आधी फोन खिशात टाकला, मग बशी ठेवली. खरंच वाईट वाटलं त्यांना. थोड्या वेळाने हळू आवाजात म्हणाले, "काका, नियम असा हाय की लेखक हजर नसंल तर निबंध वाचला असे समजण्यात येईल. प्रमाणपत्र मिळंल, काळजी नको. तुमी निवांत जेवण करून जा."

वाचला असे समजण्यात येईल. मी नोकरीत अशा कित्येक गोष्टी झाल्या असं समजून सह्या केल्या आहेत. पण एवढ्या लांब येऊन हे समजणं मला जमेना. मला ते वाचायचं होतं. मी तसं म्हणालोही, पण माझा आवाज मुळात लहान आणि त्यांचा फोन पुन्हा वाजला.

मी राज्यशास्त्राच्या हॉलमध्ये जाऊन बसलो. फलकांवरच्या फोटोंचा निबंध संपला की तिथे कोणी येणार नाही असं मला वाटलं होतं. पण माणसं येत राहिली. पांढरे शर्ट, खिशाला पेन, गळ्यात उपरणी. दारापाशी एक हवालदार खुर्ची टाकून बसले. आलेली माणसं दोन बाजूंना वेगवेगळी बसली, मधली वाट कोणी ओलांडेना. कुणीतरी पत्रिकेचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकला होता. आपल्या जातीबद्दल काय लिहिलंय ते ऐकायला लोक आले होते, आणि त्याहून जास्त दुसऱ्यांबद्दल काय लिहिलंय ते.

समन्वयक सर घामाघूम होऊन माइकवर आले. "पुढील निबंध वेळेअभावी वाचला असे समजण्यात—"

"थांबा," पहिल्या रांगेतून आवाज आला. साठीपुढचे, भरघोस मिशांचे गृहस्थ. सगळे त्यांना अप्पा म्हणत होते, पूर्वी जिल्हा परिषदेत होते म्हणे. "काहून समजायचं? काय लपवताय?"

"अप्पा, तसं काई न्हाई."

"मग वाचा की! आमी कामं सोडून आलो."

पलीकडच्या बाजूनेही आवाज आला, "वाचाच! आमाला बी ऐकू द्या!" त्या दिवशी दोन्ही बाजूंचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट होती.

समन्वयक सरांनी माझ्याकडे बघितलं. मी पिशवीतून तिच्या निबंधाचे कागद काढले आणि उठलो. चारचौघांत बोलायची मला सवय नाही. मुलीच्या लग्नात दोन शब्द बोलायचे होते तेव्हा सुलभानेच बोलून टाकलं होतं.

तिची शिकवायची एक पद्धत होती. धड्याचं नाव आधी सांगायचं नाही, कोड्यात सुरुवात करायची. निबंधही तसाच होता. मी वाचू लागलो.

"आपल्या जिल्ह्यात हे प्रत्येक घरात आहे. जुन्यांनी सांभाळलं, नव्यांनी अडगळीत टाकलं, पण पूर्ण फेकून कोणी दिलं नाही."

"बरोबर हाय," अप्पा म्हणाले.

"एरवी आम्हाला त्याची गरज नाही, असं सगळे म्हणतात. पण घरात लग्न ठरलं की सर्वांत आधी त्याचीच आठवण होते."

"शंभर टक्के!" पलीकडची बाजू. दोन-चार टाळ्या पडल्या. फलकांच्या फोटोंवाले सर भराभर टिपणं घेत होते.

"यात वरचा फिरतो, खालचा जागेवर राहतो, आणि भरडला जातो तो मधला."

आता टाळ्या दोन्ही बाजूंनी आल्या. हवालदारही टाळी वाजवणार होते, त्यांनी हात आवरला. समन्वयक सरांनी डोळे मिटून घेतले होते.

"लग्नाच्या दिवशी त्याला धुऊन पुसून, हळद लावून, सुपारी बांधून पाच सवाष्णी त्याची पूजा करतात."

टाळ्या थांबल्या. लोक एकमेकांकडे बघू लागले.

"कशाची पूजा?" अप्पांनी विचारलं.

"जात्याची."

"जातं? दळायचं?"

"हो. दळायचं."

अप्पांनी पत्रिका डोळ्यांपासून लांब धरली, जवळ आणली, पुन्हा लांब धरली. "आरं, टिंब खाल्लं बे कुणी!"

असा हशा मी बऱ्याच महिन्यांत ऐकला नव्हता. आधी डावी बाजू हसली की उजवी ते सांगता येणार नाही. हवालदार खुर्चीवरून उठले आणि चहाला गेले. मागची काही माणसं निघायला लागली.

"बसा बे," अप्पा मागे वळून म्हणाले. "जातीसाठी आलतात, आता जात्यासाठी बसा. काका, वाचा तुमी. तुमीच लिव्हलंय का?"

"माझ्या बायकोने."

"कुठाय त्या?"

समन्वयक सर वाकून त्यांच्या कानात काहीतरी बोलले. अप्पांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "वाचा," ते म्हणाले.

मी वाचलं. दगड कुठून येतो, बोथटला की टाकी लावून त्याला पुन्हा धार कशी आणतात, खुंटा कोणत्या लाकडाचा. तिथे कोयत्याच्या मुठीवाल्या मॅडमनी खुंट्याची जाडी विचारली. ती निबंधात होती. मग ओव्या आल्या. मला गाता येत नाही, मी अहवालासारख्या वाचल्या:

"पुढारी आला दारी, त्याला टाकिते मी पाट,
निवडून गेला तसा, इसरला माझी वाट."

सगळा हॉल अप्पांकडे बघू लागला. "मी पडलो होतो बे," अप्पा म्हणाले. "त्या दुसऱ्या कुणाची हाय."

त्याच्या खाली ती ओवी होती. मला माहीत होतं ती येणार. जेवायला वाढताना सुलभा मुद्दाम म्हणायची. मी पान उलटणार होतो, पण निबंध तिचा होता, गाळायचा मला अधिकार नव्हता.

"विंजिनेर आला बाई, मोजीतो सारं रान,
पाणी त्याच्या कागदात, माझी कोरडी तहान."

"लई भारी!" कुणीतरी ओरडलं. अप्पांनी विचारलं, "काका, तुमी काय करत व्हते नोकरीला?"

"पाटबंधारे खात्यात. इंजिनिअर."

यानंतर जे झालं त्याला टाळ्या म्हणता येणार नाही. बाकं वाजली. निजामाबादचे गृहस्थ जागे झाले. मीही हसलो. पुढचं वाक्य वाचायला मला थोडा वेळ लागला, चष्मा पुसावा लागला. लोक थांबले.

नेकनूर

परतीला नेकनूरला उतरलो. निबंधातल्या बहुतेक ओव्या गयाबाईंच्या, त्यांना सांगणं भाग होतं. घर विचारत गेलो. त्या अंगणात तुरीच्या डाळीला ऊन देत होत्या.

"बाई न्हाई आल्या?"

मी सांगितलं. हात डाळीत तसाच राहिला. मग उठून त्यांनी चहा टाकला, लई गोड. चहा घेताना मी चर्चासत्राचं सगळं सांगितलं, टिंबाचंही. त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "आन इंजिनेराची ओवी कुणाच्या नावावर?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याच. संकलित, गयाबाई, नेकनूर, असं लिहिलंय."

"माझी न्हाई ती. बाईंनी सोता जोडली. हितंच, या वसरीवर बसून. मी म्हणलं, मालक चिडतील. तर म्हणल्या, ते चिडत न्हाईत, नुसते गप बसतेत."

मी गप्प बसलो.

घरी

खर्चाचं म्हणाल तर फार नाही. एसटी, साधं लॉज, खानावळ, कोणालाही परवडेल. पावसाळा संपला की जा, डोंगर हिरवे असतात आणि सीताफळं असतात. गतिरोधकांसाठी उशी न्या.

प्रमाणपत्र आता टेबलावर आहे, फोटो खाली दिला आहे. त्यावर लिहिलंय की सौ. सुलभा यांनी स्वतः उपस्थित राहून 'बीड जिल्ह्यातील जात' हा शोधनिबंध सादर केला. मी काळ्या पेनाने टिंब दिलं. त्या खोट्या ओवीबद्दल संयोजकांना कळवायला हवं, असं माझ्यातल्या सरकारी माणसाला वाटतं. कळवणार नाही.

'स्वतः उपस्थित राहून' हे शब्दही पेन हातात असताना पुन्हा वाचले. ते तसेच राहू दिले आहेत.