पुस्तकवाल्यांना आवडलेला शेवट

दादरच्या आमच्या पुस्तकवाल्यांना एखादं नवं पुस्तक आवडलं नाही, असं मी कधी पाहिलं नाही. नुकतीच आलेली कादंबरी असो की मधुमेहावरचं पुस्तक, गिऱ्हाईक पायरी चढलं की ते सुरू. "हे प्रवासवर्णन न्या, घरबसल्या पाय दुखतील!" "हे चरित्र घ्या. सुरुवातीची पानं सोसा, पुढे खाली ठेववणार नाही." त्यांना अडवायची कुणाची टाप नव्हती.

संयुक्त महाराष्ट्राच्या त्या धामधुमीत माझा पहिला कथासंग्रह निघाला. मी परळच्या चाळीत राहणारी मास्तरीण. अंगावर मूठभर मांस चढलं होतं. बाजाराला निघालेल्या शेजारच्या काकींना मी मुद्दाम दुकानात घेऊन गेले. काकींना वाचता येत नसे. निदान माझं कौतुक ऐकतील आणि चाळभर सांगतील, असा माझा डाव.

संग्रहातली एक गोष्ट काकींवरूनच सुचली होती, हे मात्र त्यांना सांगितलं नव्हतं. मोर्चाला गेलेला त्यांचा मुलगा गोळीबारानंतर कितीतरी दिवस घरी आला नव्हता. काकी रोज त्याच्या वाटणीची पेज झाकून ठेवायच्या. अखेर तो इस्पितळातून आला, एक पाय ओढत. गोष्टीत मी त्याला जिवंत येऊ दिलं नव्हतं.

मला पाहताच पुस्तकवाले हरखून गेले. दुकानातल्या गिऱ्हाइकांना म्हणाले, "ह्याच त्या लेखिका! ती पेजेची गोष्ट वाचा. आई रोज पेज झाकून ठेवते, आणि दारात येतं ते मुलाचं प्रेत! अहो, तो जिवंत परतला असता तर गोष्ट फुसकी झाली असती. मुलाला मारलं, तिथंच बाई जिंकल्या!"

पेज म्हणताच काकींनी मान वर केली होती. मी पुस्तकवाल्यांना तिथंच थांबवायला हवं होतं. पण एका गृहस्थांनी पुस्तक हातात घेतलं होतं, म्हणून मी गप्प राहिले. वर लाजल्यासारखं हसले. ते हसू आठवलं की आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

काकी पिशवी सावरत दुकानातून बाहेर पडल्या. भाजीबाजारात मेथीची जुडी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बाय, माझ्या झिलाक मारलंस कित्याक गो? तो घराक आसा मां."

"गोष्टीत तसं करावं लागतं, काकी," मी म्हणाले. एवढं शिकून मला हेच सुचलं.

त्यांनी जुडी पिशवीत टाकली.

"तेका वाचूक येता," त्या म्हणाल्या. "ह्यां पुस्तक तेच्या हातात पडाक देव नको."

मी मान डोलावली. पुस्तक हातोहात खपत होतं, आणि घरातून निघेपर्यंत त्याचाच मला केवढा तोरा होता.