नाकावरचं लिंबू

आमच्या कंपनीला बिनशेपटीचं विमान बनवायचं होतं. खऱ्या विमानावर खर्च करण्याआधी त्याचं छोटं मॉडेल, माझ्या पसरलेल्या दोन हातांएवढं, रिमोटवर उडवून बघायचं, हे माझं काम. दोनदा उडवलं, दोनदा पडलं. हातातून सुटलं की नाक वर करायचं, हवेत थबकायचं आणि धप्पकन खाली. गणित चोख आहे, असं मी साहेबांना छातीठोकपणे सांगितलं होतं. साहेब म्हणाले, तिसऱ्यांदा पडलं तर हे डिझाइन बंद, आणि तुम्हीही दुसरीकडे बघा.

तिसरी चाचणी मी गावी, बोरीला, आमच्या सोयाबीन निघालेल्या रानात ठेवली. मोकळी जागा, फुकट. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यासाठी बाजाराचा शनिवार असून किराणा दुकान बंद ठेवलं आणि निम्मा बाजार बांधावर आणून बसवला. "पोरगी इमान बनवायलीय," हे त्यांनी वर्षभर प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं होतं.

मी रिमोट तपासत होते. तेवढ्यात अप्पांनी दर शनिवारी दुकानाला बांधतात ते लिंबू-मिरची विमानाच्या नाकाखाली बांधलं. विमान हातानं सोडणारा माझा सहकारी पुण्याचा. त्याला वाटलं, मीच सांगितलंय. मला ते दिसलं तेव्हा विमान वर गेलेलं होतं. मी मनातल्या मनात राजीनामा लिहायला घेतला.

विमान सरळ उडालं. मिरच्या हलवत, शहाण्यासारख्या चार फेऱ्या मारून उतरलं.

"नजर लागलेली व्हती," अप्पा म्हणाले. "लय लोक बघायलेत."

मला मात्र खरं कारण कळलं. नाक हलकं होतं. माझं गणित चुकलं होतं, आणि ते एका लिंबानं सुधारलं होतं. संध्याकाळी दुकानातल्या काट्यावर मी ते लिंबू-मिरची गुपचूप तोललं आणि तेवढ्याच वजनाचं शिसं नाकात बसवलं. रविवारी विमान पुन्हा तसंच उडालं. सोमवारी सकाळी रिपोर्ट पाठवला: 'फेरगणित करून नाकाचे वजन वाढवले.' साहेबांचं उत्तर लगेच आलं, शाबास.

दुपारी जेवताना अप्पा हळूच म्हणाले, "बाई, त्या रिपोर्टात लिंबाचं नाव घालू नको. शिकलेली मानसं हसतील तुला."



"बरं अप्पा," मी म्हणाले, "न्हाई घालत."