डोक्याची गोळी

मी शिकलो तो सुमनवहिनीमुळे. बारावीनंतर दादा मला ठेकेदाराकडे कामाला लावत होता, तेव्हा दारात उभी राहून "भाऊजी कॉलेजातच जातीन" म्हणणारी तीच. ती गेल्याचा फोन आला तेव्हा मी रायपूरहून घरी निघालेल्या बसमध्ये होतो, कुम्हारीच्या थोडं अलीकडे.

तिला लग्नाआधीपासून मिरगी होती. रोजच्या गोळीने चार वर्षं एकही झटका आला नव्हता. पण खुर्सीपारमधल्या आमच्या घराच्या भिंती पातळ, आणि बहीण लग्नाची. म्हणून आईने त्या औषधाला नाव दिलं, 'डोक्याची गोळी'. आम्ही सगळे तेच म्हणू लागलो.

वहिनीची मुलगी दोन वर्षांची झाली. वहिनीला इतक्यात दुसरं मूल नको होतं. दादाची ड्यूटी, म्हणून दवाखान्यात सोबत मी गेलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आणखी काही औषध चालू आहे?"

"डोक्याची गोळी आहे जी, रोजची," वहिनी म्हणाली.

"रोज डोकं दुखतं? डोळे तपासून घ्या."

दाराशी आमच्या गल्लीतल्या दोघी बसल्या होत्या... मी बी.एस्सी. झालेला माणूस, गप्प राहिलो. पाळणा लांबवायच्या गोळ्या घेऊन आम्ही निघालो. रस्त्यात वहिनी हसत होती, "चस्मा लावा मनते बाई. आता मी बी मास्तरीण दिसन."

महिन्याभराने तिच्या हातून चहाचा कप सुटला. पुढच्या रविवारी वाढताना हात झटकन उडाला. "कावून, वहिनी?" "झोप नाई झाली. आईले सांगू नका."

रायपूरला मी औषधांच्या गोदामात काम करतो. तिथे तिच्या मिरगीच्या औषधाचा खोका उघडून आतला कागद वाचला. घरचा फोन सगळ्यांच्या हातात असतो, म्हणून पत्र लिहिलं. ते पोचण्याआधीच एका सकाळी ती न्हाणीत पडली. कडी आतून होती. कशाने गेली, ते नक्की कोणी सांगितलं नाही. तेराव्याच्या आधी पोस्टमनने माझंच पाकीट माझ्या हातात दिलं.

"वहिनी, नवीन गोळीने तुमच्या मिरगीच्या औषधाचा जोर कमी होतो, असं कागदावर लिहिलं आहे. मनाने कोणतीच गोळी बंद करू नका. तांबी बसवली तर औषधाला बाधा येत नाही, असं इथले फार्मासिस्ट म्हणाले. रविवारी दोन्ही पट्ट्या घेऊन जाऊ. या वेळी बाईंना मी सांगतो, नाव घेऊन सांगतो. तोवर न्हाणीची कडी लावू नका."