‘जातो’ म्हणा, साहेब

आमच्या सेलूत मे महिन्यातल्या दुपारी कावळा उडाला तर केळझरला पोचेस्तोवर भाजून निघतो. मी स्वतः एक असा खाली पडलेला पाहिला आहे, नुसतं मीठ लावायचं बाकी होतं. बायको म्हणते, तो विजेच्या तारेला चिकटला होता. तिला तपशिलाची सवय आहे, ती मास्तरीण आहे. अशा या गावाला नागपूरच्या एका साहेबांनी धुकं मागितलं.

मी लग्नाचे व्हिडिओ काढतो. तालुक्यातलं एकही जोडपं असं नाही, ज्याला मी पाठवणीच्या वेळी रडवलं नाही. पुढचं रडणं त्यांचं त्यांनी पाहिलं. एका लग्नात वावटळ आली, मांडव उडाला, नवरदेवाचा फेटा उडून थेट नाचणगावात उतरला, पण माझा कॅमेरा हलला नाही. तो तुकडा फोनाफोनी फिरत साहेबांपर्यंत गेला. साहेबांचं मोबाइलवर छोट्या सिनेमांचं एक चॅनेल होतं. ते म्हणाले, अंगावर काटा येईल अशी एक भुताची गोष्ट निवडा, बारा मिनिटांचा सिनेमा करू, दिग्दर्शक तुम्ही. सोबत त्यांनी फोनवर तीस गोष्टी धाडल्या. रविवारी येतो, म्हणाले, तोवर एक ठरवून ठेवा.

बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या घरची सुखं टिपत आलो. त्या व्हिडिओंच्या शेवटी माझं नाव येतं ते आचारी आणि बँडवाल्याच्या मधोमध. एक तरी गोष्ट अशी व्हावी, जी मी सांगितली म्हणून लोक पाहतील, एवढीच हाव होती.

निवड समिती बसली. मी, बायको आणि माझा शाळेपासूनचा दोस्त, जो बसस्टँडजवळ कपडे शिवतो. कूलर लावून आम्ही रोज दुपारी दहा गोष्टी वाचायचो. बायको लाल पेन घेऊनच बसायची. पहिल्या गोष्टीत पडकी हवेली, धुकं आणि पांढऱ्या साडीतली बाई. दुसऱ्या गोष्टीत पांढऱ्या साडीतली बाई, धुकं आणि पडकी हवेली. तिसरीत बाईच्या हातात मेणबत्ती आली, तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या.

टेलर म्हणाला, “हे बाई चिखलातून फिरून राह्यली, जंगलातून फिरून राह्यली, अन् साडी पाहा! इस्त्री कोन करून देते इले?”

“तुमी भ्याले का नाई, ते सांगा,” बायको म्हणाली.

“मी कायले भेतो? मले तं त्या साडीच्या फॉलची काळजी लागली.”

बायकोनं भीती मोजायची एक रीत काढली होती. गोष्ट संपल्यावर ऐकणारा घरी कसा जातो, ते पाहायचं. तीन दिवसांत तीस गोष्टी झाल्या आणि तिन्ही दिवस टेलर शीळ घालत घरी गेला. बायकोनं तिसाव्या गोष्टीवर लाल पेनानं ‘पुन्हा लिहून आणा’ असा शेरा मारला. मोबाइलवर. काच अजून लालच आहे.

शनिवारी वाचायला काहीच उरलं नव्हतं. टेलर उठला, चपला पायात घातल्या आणि रोजच्यासारखा म्हणाला, “येतो, वैनी.”

बायको “हो” म्हणाली आणि तिथंच थबकली.

“बसा जरा, भाऊजी. तुमी आत्ता जे बोलले ना, त्याच्यावर माह्या माहेरी केळझरले एक गोष्ट सांगतात.”

ती गोष्ट मी तिखटमीठ न लावता सांगतो. माझ्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडत आहे.

एका घरी शिलाई मशीन दुरुस्त करणारा सायकलवरून यायचा. भर उन्हाचा आला, मशीन खोललं, तेल दिलं, चहा प्यायला आणि निघताना रीतीप्रमाणे “येतो, वैनी” म्हणाला. फाट्यावरच्या निंबाखाली त्याला ऊन लागलं आणि तो तिथंच गेला. संध्याकाळी निरोप आला, घरचे हळहळले. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला फाटकाची कडी वाजली. सायकल लावून तो आत आला, खुर्चीवर बसला. घरात मशीनच्या तेलाचा वास सुटला. त्याच्यापुढे ठेवलेला चहा, भर मे महिन्यात, बर्फासारखा गार पडला. काही केलं नाही त्यानं. बसला, उठला, “येतो, वैनी” म्हणाला आणि गेला. मग रोजच यायला लागला. अखेर घरच्या बाईच्या ध्यानात आलं, हा शब्दाला बांधला गेला आहे. आठव्या दिवशी तिनं हात जोडले. “भाऊ, आज येतो नका म्हनू. जातो म्हना.” तो हसला. म्हणाला, “असं अशुभ बोलू नाई, वैनी. येतो.”

बायकोनं लाल पेनाला टोपण लावलं. कूलर घरघरत होता.

टेलर बराच वेळ चपलांकडे पाहत बसला. मग म्हणाला, “बरं, मी...” आणि जीभ चावली. जरा वेळानं उठला, दारापर्यंत गेला, परत येऊन बसला. येतो म्हणवेना आणि जातो तर त्याहून म्हणवेना. साडेपाचला त्याची बायको शोधत आली, तेव्हा तो तिच्या मागोमाग एक अक्षर न बोलता निघून गेला. शीळ नाही, काही नाही.

“भेटली गोष्ट,” मी म्हणालो.

रविवारी अकराला साहेब आले. गाडीतून उतरून दारात येईपर्यंत शर्ट पाठीला चिकटला. ते दोन तांबे पाणी प्यायले, मी चार सांगतो. बायकोनं गोष्ट सांगितली. साहेबांनी दंड पुढे करून काटा दाखवला.

“फँटास्टिक! हीच करायची. फक्त दोन-तीन बदल करू. रात्र करू. घराच्या जागी हवेली घेऊ. थोडं धुकं. मशीनवाल्याच्या जागी एक बाई...”

“पांढऱ्या साडीत,” टेलर कोपऱ्यातून म्हणाला.

“करेक्ट! आणि सगळं हिंदीत. देशभर जाईल.”

मी शांतपणे म्हणालो, म्हणजे बायको म्हणते शेजारचे बाहेर आले, “साहेब, रात्री भुताले भेनं काही मोठं काम नाई, रात्री तं आमी कुत्र्यालेही भेतो. आमचं भूत दुपारचं आहे. बारा वाजता आमच्या रस्त्यावर चिटपाखरू नसते. दारं बंद, पडदे खाली. त्या टायमाले कडी वाजली, तर जित्ता मानूसही भूत वाटते. दुपार बदलनार नाई. मानूस बदलनार नाई. बोली तं बिलकुल नाई.”

“अहो, पण तुमची ही बोली लोकांना विनोदी वाटते.”

हे वाक्य मी बावीस वर्षं ऐकत आलो आहे. आमच्याकडचा माणूस सिनेमात आला की तो पाणी भरणार, नाहीतर हसवणार. आमच्या बोलीत मरायला आणि भ्यायला मनाई आहे, अशी कुणाची तरी समजूत आहे.

“मग माह्या नावाशिवाय करा,” मी म्हणालो. “अन् गोष्टही ठेवून जा. ते हिच्या माहेरची आहे.”

साहेबांचा चेहरा उतरला. “मला दिग्दर्शक पुष्कळ मिळतील,” म्हणत ते उठले. दारात बूट घालायला वाकले. एक बूट चढवला. “ठीक आहे मग. ये...”

तोंड उघडंच राहिलं.

बायको दारात उभी होती. “काऊन थांबले, साहेब? जातो म्हना.”

साहेबांनी दुसरा बूट चढवला, लेस बांधली, सोडली, परत बांधली. मग एकदम चेहरा उजळला. “चलता हूँ!” म्हणाले आणि झपझप फाटकापर्यंत गेलेसुद्धा.

“पाहा,” बायको मागून वर्गातल्या आवाजात म्हणाली. “हिंदीत भूत पहिल्याच दिवशी निघून जाते. तुमी बारा मिनिटं काय दाखवसान?”

साहेब फाटकाच्या कडीवर हात ठेवून उभे राहिले. उन्हात. डोक्याला टोपी नाही, रुमाल नाही. मी घड्याळ पाहिलं नाही, पण माझ्या हिशेबानं ते तिथं पाऊण तास होते. बायकोच्या हिशेबानं दीड मिनिट.

“तो माणूस शेवटी जातो का?” त्यांनी विचारलं.

“गोष्ट तितंच संपते,” बायको म्हणाली.

साहेबांनी मान हलवली. गाडीत बसताना काच थोडी खाली करून “कळवतो” एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

“गेला तुहा सिनेमा,” टेलर म्हणाला.

“जाऊ दे. लग्नाच्या कॅमेऱ्यावर काढू. मशीनवाला तू होजो.”

“मी? मले आठ वेळा येतो म्हनाले लावशीन? मरून जाईन, पन म्हननार नाई.”

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं आमच्याच ओसरीत कॅमेरा लावून बसलो. साहेब असोत नसोत, चहा कपात ओतला होता, टेलर कुरकुरत खुर्चीवर बसला होता. बरोबर बारा वाजता फाटकाची कडी वाजली.

बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. टेलर खुर्चीतून उठला तो सरळ मागच्या दारानं पसार झाला.

साहेबच होते. डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळलेला, गाडी पार फाट्यावर सोडून चालत आलेले.

“म्हटलं, आधी दुपार पाहून घ्यावी,” ते म्हणाले. “सिनेमा तुमच्याच बोलीत करू. फक्त ती पांढरी साडी...”

“वाळत घालू दोरीवर,” मी म्हणालो. “मागं दिसन.”

टेलर मात्र आजही सांगतो की आदल्या दिवशी गाडीची काच वर करता करता साहेब हळूच “येतो” म्हणाले होते. त्यानं स्वतः ऐकलं होतं.