नवसाबाईंच्या काळजातली हवा

माझ्या सासूबाई, नवसाबाई, लग्न होऊन आल्यापासून मखमलाबाद शिवारात फुलं पिकवतात. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. दुसऱ्या कुणी तोडलेलं फूल त्यांना पटत नाही. मी नवी नवरी असताना देठ आखूड ठेवला म्हणून त्यांनी मला भर फूलबाजारात सुनावलं होतं. हृदयविकाराचा झटका आला तेव्हाही, पित्त झालंय म्हणत, लिंबू-सोडा पिऊन त्या दिवसभर खुरपत बसल्या.

तो हट्ट महागात पडला. वाचल्या, पण बांधापर्यंत जायचं तरी धाप लागायची. गंगापूर रोडच्या एका हॉस्पिटलात तपासण्या झाल्या, हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबलेल्या निघाल्या. बायपास करावी, तर हृदयाची पुढची भिंत जवळजवळ हलतच नव्हती. तिथला स्नायू मेला असेल तर ऑपरेशनचा फायदा नाही. नुसता उपाशी असेल तर रक्त मिळाल्यावर पुन्हा कामाला लागेल, असं डॉक्टर साधना म्हणाल्या. नेहमीच्या इकोमध्ये ते कळेना. म्हणून शिरेतून अगदी बारीक बुडबुडे सोडून पुन्हा इको करायचं ठरलं. रक्ताबरोबर बुडबुडे जिथे पोचतात, तेवढा भाग पडद्यावर उजळतो; मेलेला भाग काळाच राहतो.

बुडबुडे म्हटल्याबरोबर सासूबाई ताडकन उठून बसल्या.

"मॅडम, ठिबकच्या नळीत हवा शिरली की मोटार नुसती घुमती, पाणी पुढं जात नाय. माझ्या नळ्या आधीच तुंबल्यात. त्यात आनखी हवा भरता?"

मी हसले आणि त्यांच्या डोळ्यांचा मार खाल्ला. डॉक्टर हसल्या नाहीत. हे बुडबुडे रक्तातल्या तांबड्या पेशींपेक्षाही लहान असतात, कुठे साचत नाहीत, त्यातला वायू श्वासावाटे निघून जातो, असं त्यांनी समजावलं. क्वचित कुणाला ॲलर्जी होते, तेही लपवलं नाही. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि घरी चला म्हणाल्या.

घरी माझा नवरा समाधान रान वाट्याने द्यायच्या गोष्टी करू लागला. आईला आता झेपायचं नाही, हे त्याने धरूनच टाकलं होतं. मायेपोटीच, पण आईच्या हातातली परडी काढून घेताना तोंड असं करायचा की घरात सुतक आहे वाटावं. मला त्याचा संताप यायचा. चैत्रातल्या एका दुपारी तो दारात उभा राहून वाटेकऱ्याशी बोलत होता आणि सासूबाई ओसरीवर बसून सगळं ऐकत होत्या. वाटेकरी गेल्यावर त्यांनी मला रिक्षा बोलवायला सांगितली.

"शुभांगे, माझं काळीज मेलंय का जितं हाय, ते कळल्याबिगर मला कुणी मोडीत काढायचं नाय."

हॉस्पिटलात त्यांनी आधी ते बुडबुड्यांचं औषध उजेडात धरून पाहिलं. दुधाळ पाणी, हवेचा फुगा कुठे दिसेना. एवढी बारीक हवा अडायची नाही, असं पुटपुटत त्यांनी हात पुढे केला. अट एकच घातली, पडदा त्यांना दिसला पाहिजे.

हृदयाची पोकळी उजळली, मग भिंती. डॉक्टरांनी यंत्राने एक जोराची लहर सोडून भिंतींतले बुडबुडे फोडले. भिंती काळ्या झाल्या. आता नवे बुडबुडे घेऊन रक्त कुठे परततं, हेच बघायचं होतं. मागची भिंत लगेच उजळली. पुढची काळीच राहिली. मी सप्तशृंगीला हाक मारली. मग वरच्या अंगाने फिकट उजेड खाली उतरायला लागला. रेंगाळत उतरत होता, पण उतरत होता. फक्त टोक काळं राहिलं.

सासूबाईंनी त्या टोकाकडे बोट केलं.

"तेवढं गेलंय, मावशी," डॉक्टर म्हणाल्या. "बाकीची भिंत जिवंत आहे. तिला रक्त पुरत नाही, एवढंच. ऑपरेशन करण्यासारखं आहे."

मी तिथेच रडले. त्या रडल्या नाहीत, पदर सारखा करून उठल्या.

सर्जनला भेटायला समाधानही आला. सर्जननी धोका सांगितला, आणि ऑपरेशननंतर महिनोन्‌महिने जड उचलायचं नाही, हेही सांगितलं. समाधानचा चेहरा उतरला. उन्हाळा जाऊ दे, पावसाळा सरू दे, मग बघू, असं तो चाचरत म्हणाला. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"डॉक्टर, दसऱ्याच्या झेंडूची रोपं आषाढात लावायचीत. टोपल्या सून उचलील, पन बांधावर मी उभी पायजे. तारीख आजच सांगा."